विमानाने ऐकणे का सोडले?



२३ जानेवारीला सायंकाळी प्रजासत्ताक दिनाच्या सरावात आपल्या विमान-प्रतिकृती मंडळाचे विमान मैदानाच्या पश्चिम कोपऱ्यातील कडुनिंबाला धडकून सायकल स्टँडच्या पत्र्यावर पडले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. कोणालाही इजा झाली नाही. मात्र बालवाडीची मुले तेथून साधारण चाळीस पावलांवर सतरंजीवर बसली होती, हेही खरे आहे आणि ते मी लपवणार नाही.

नंतरचे दोन-तीन दिवस प्रत्येकाकडे एक कारण तयार होते. कोणी म्हणाले, समोरच्या इमारतीवरचा मोबाईल टॉवर. कोणी म्हणाले, संच स्वस्तातला आहे, नवा घ्या. बहुतेकांचे मत पडले की उडवणारा मुलगा घाबरला आणि त्याने दांडी उलटी फिरवली. तो मुलगा नववीत आहे. चौथ्या दिवशी तो स्वतःच येऊन म्हणाला, "बाई, माझ्याच हातून झाले असेल." एका विश्वस्तांनी हा उपक्रमच बंद करावा असे सुचवले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी आठ दिवस मागून घेतले. २६ जानेवारीला विमान उडाले नाही. पाकळ्या मावशींनी गच्चीवरून टाकल्या. आणि त्या आठ दिवसांत विज्ञानाचे सर, मंडळाची सात मुले आणि मी असे आम्ही विमान ऐकेनासे का झाले ते शोधत बसलो. तोच हा धडा. आठवी ते दहावीच्या मुलांनी तो वही-पेन घेऊन वाचावा.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. मुलाच्या हातात असतो तो ट्रान्समीटर, म्हणजे बोलणारा. विमानाच्या पोटात असतो तो रिसीव्हर, म्हणजे ऐकणारा. रिसीव्हर ऐकलेला हुकूम सर्वो नावाच्या छोट्या मोटारींना देतो. त्या पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवतात. पुढचा पंखा फिरवणाऱ्या मोठ्या मोटारीला हुकूम मिळतो तो स्पीड कंट्रोलरमार्फत. बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांमधली तार म्हणजे रेडिओ लहरी.

येथे एक कबुली. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले, त्यामुळे तरंगलांबीला माझ्या तोंडून अजून 'तरंगदैर्घ्य' येते आणि वारंवारतेला 'आवृत्ति'. मागे वर्गात मी "इसकी आवृत्ति", असे म्हणू लागले तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, कितवी आवृत्ती?" मराठीत आवृत्ती पुस्तकाची असते! तर शब्द कोणताही घ्या, गणित एकच: प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता बरोबर तरंगलांबी. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ३० कोटी मीटरला २४० कोटींनी भागा. उत्तर येते साडेबारा सेंटीमीटर. त्याचा चौथा भाग ३.१ सेंटीमीटर. रिसीव्हरच्या अँटेनाचे शेवटचे उघडे टोक नेमके एवढेच असते, पट्टी लावून पाहा. अमेरिकेत पूर्वी प्रतिकृती ७२ मेगाहर्ट्झवर उडत. त्याची तरंगलांबी काढली की त्या विमानांच्या शेपटीला मीटरभर लांब तार का लोंबकळत असे ते समजेल.

त्या जुन्या संचांत क्रिस्टल नावाचा तुकडा वारंवारता ठरवत असे. एकाच मैदानावर दोघांनी एकच क्रिस्टल लावला तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याचे विमान कोसळे. म्हणून क्लबमध्ये फळीवर क्रमांकाचे चिमटे असत. ज्याच्याकडे चिमटा त्यानेच ट्रान्समीटर सुरू करायचा. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच पसरले तशी ही कटकट गेली. आमच्या संचात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ठरलेल्या क्रमाने सेकंदाला अनेकदा वारंवारता बदलत जातात, जणू दोघे मिळून लंगडी घालत एका चौकोनातून दुसऱ्यात उडी मारत आहेत. मधेच कोणी एखादा चौकोन अडवला तरी खेळ थांबत नाही. या कल्पनेचे एक पेटंट १९४२ सालचे आहे. ते हॉलीवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीर सुरक्षितपणे चालवता यावेत म्हणून घेतले होते. त्यात वारंवारता ८८ होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

आता शोध. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि पाहिलेले लगेच वहीत टिपायचे. एरवी आपण काय करतो? बॅटरी बदलतो, तार हलवतो, पुन्हा बाइंड करतो, सगळे एका दमात. मग ते चालू लागते, आणि कशाने चालले हे कोणालाच कळत नाही. पुढच्या खेपेस ते पुन्हा बिघडते.

पहिली नोंद अशी की पडल्यावर रिसीव्हरचा दिवा स्थिर लागलेला होता. म्हणजे ओळख टिकून होती. रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरचा ओळख-क्रमांक लक्षात ठेवतो, त्यालाच बाइंडिंग म्हणतात. ते तुटले असते तर तो पुन्हा जोडला गेलाच नसता. त्यामुळे पुन्हा बाइंड करण्याची घाई आम्ही केली नाही.

दुसरे, टॉवर. सरांनी पुढचा पंखा काढून विमान आधी पश्चिम कोपऱ्यात स्टुलावर ठेवले, मग गच्चीवर, टॉवरच्या अगदी समोर. ट्रान्समीटर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. वीस मिनिटे सगळ्या झडपा हलवल्या. एकदाही अडले नाही. शाळेचा वाय-फाय त्याच २.४ गिगाहर्ट्झवर असतो, म्हणून तो चालू ठेवून आणि बंद करून पाहिला, फरक नाही. टॉवरचा दोष असता तर टॉवर काही त्या संध्याकाळपुरता आला नव्हता.

तिसरे, पल्ल्याची चाचणी. बहुतेक ट्रान्समीटरमध्ये यासाठी शक्ती मुद्दाम कमी करण्याची सोय असते. तशी कमी करून तीस पावले चालत जायचे आणि झडपा हलतात का पाहायचे. येथे वर्गातला नियम कामाला येतो: अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाई होते. म्हणून कमी शक्तीवर तीस पावले टिकणारा दुवा पूर्ण शक्तीवर कितीतरी लांब टिकेल, हे मैदान न ओलांडता समजते. मोटार बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा, अशा दोन्ही चाचण्या विमान पास झाले. या वेळी एक चूक मात्र सापडली. रिसीव्हरच्या दोन अँटेनांपैकी एक कार्बनच्या दांड्याला चिकटून पडली होती. कार्बन फायबर वीज वाहतो आणि लहरी अडवतो. दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात, दांड्यापासून आणि बॅटरीपासून दूर असाव्यात, म्हणजे विमान कसेही वळले तरी एकीला तरी ऐकू येते. आम्ही ती सरळ केली. पण ती वाकडी असतानाच चाचणी पास झाली होती, तेव्हा गुन्हेगार ती नव्हे. मुलांना हे पटवायला वेळ लागला. दोष सापडला की तोच कारण आहे असे मानून घरी जावेसे वाटते.

येथे गाडी दोन दिवस अडली.

मग शुक्रवारी मावशी चहा घेऊन आल्या आणि मुलांचे बोलणे ऐकून सहज म्हणाल्या, "पण मोटार आधी गप झाली ना? मग ते वाकलं." त्या बालवाडीच्या मुलांजवळ उभ्या होत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सरांनी कप तसाच ठेवला. पुढचा पंखा काढलेलाच होता. त्यांनी विमान टेबलाला बांधले, मोटार अर्ध्या वेगावर फिरवली आणि ट्रान्समीटर बंद केला.

मोटार फिरतच राहिली.

सरांनी बॅटरी ओढून काढेपर्यंत ती फिरत होती. खोलीत कोणी बोलेना. याचे दोन अर्थ होते, आणि दोन्ही महत्त्वाचे. दुसरा मी पुढे सांगते, कारण तो माझ्यावर येतो. पहिला असा: आमच्या विमानाचा नुसता रेडिओ-दुवा तुटला असता, तर शेवटचा हुकूम धरून मोटार अर्ध्या वेगाने फिरत राहिली असती. पण त्या दिवशी ती गप झाली. बॅटरी संपत आली की स्पीड कंट्रोलर मोटार बंद करतो हे खरे, पण तेव्हा झडपा चालूच राहतात. शिवाय पडल्यानंतर बॅटरी ११.९ व्होल्ट भरली होती. तिची जोडणीही घट्ट होती. म्हणजे बोलणारा बोलत होता. ऐकणाऱ्यालाच घेरी आली होती.

आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली. धावत गेलेल्या मुलांना पडलेल्या विमानातून बीप-बीप ऐकू येत होते. स्पीड कंट्रोलर नव्याने सुरू झाला आणि वेगाची दांडी खाली नसेल, तर तो असाच ओरडतो. बॅटरी कोणी काढलेली नसताना तो नव्याने सुरू का झाला?

मी त्या मुलाला पुन्हा बोलावले. या वेळी 'तुझे काय चुकले' असे न विचारता 'शेवटच्या पाच सेकंदांत तू काय-काय केलेस' असे विचारले. तो म्हणाला, "बाई, वळण घेताना मी पाकळ्यांचे बटण दाबले. पाकळ्या पडल्या नाहीत. म्हणून दाबूनच ठेवले." सहा दिवसांत हे त्याने सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

झेंडूच्या पाकळ्यांचा डबा विमानाच्या पोटाला दोन दिवस आधी बसवला होता. त्याचे दार उघडायला रोबोटच्या खोक्यातला धातूच्या दात्यांचा जाडजूड सर्वो लावला होता. टेबलावर, रिकाम्या डब्याने, दार छान उघडत असे. आम्ही पुन्हा पाकळ्या आणल्या आणि त्या दिवशीसारख्याच ओल्या फडक्यात ठेवून डबा भरला. ओल्या पाकळ्या बिजागरीत अडकल्या. दार अडले, सर्वो जोर लावत राहिला. रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीत आम्ही मल्टिमीटर लावला होता. आकडे असे: सगळे शांत असताना ५.१ व्होल्ट, सगळ्या झडपा एकत्र हलवल्यावर ४.८, दार अडल्यावर ४.१, मग ३.९. काही सेकंदांनी रिसीव्हरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. मल्टिमीटरने त्याहून खाली काही दाखवले नाही. तो हळू आहे, सरासरी दाखवतो. क्षणभराची बुडी त्याला दिसत नाही. अनेक रिसीव्हर साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेले की बंद पडतात, आणि पुन्हा जागे होऊन ट्रान्समीटरला शोधेपर्यंत वेळ जातो. जमिनीवर तो वेळ काहीच नाही. झाडाच्या उंचीवर, तिरक्या वळणात, झडपा जिथल्या तिथे थिजलेल्या असताना तो फार असतो.

वीज का पुरली नाही? विमानाची बॅटरी तीन सेलची, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. रिसीव्हर आणि सर्वोंना हवेत ५. मधला फरक उतरवण्याचे काम स्पीड कंट्रोलरमधला बीईसी नावाचा भाग करतो. आमचा बीईसी जुन्या, सोप्या जातीचा, जास्तीचे व्होल्ट उष्णता करून फेकून देणारा. दहावीच्या मुलांनी गणित करावे: १२.६ वजा ५ म्हणजे ७.६ व्होल्ट, दीड अँपिअर धारा असेल तर ७.६ गुणिले १.५ म्हणजे ११.४ वॉट. रात्री लावतो तो झिरोचा बल्ब (नावालाच झिरो, तो पंधरा वॉटच्या आसपास खातो) किती तापतो ते हात लावून आठवा. जवळजवळ तेवढी उष्णता नखाएवढ्या तुकड्यातून, फोमच्या बंद पोटात. छोटा सर्वो हलताना थोडीच धारा घेतो, पण अडला की एकदम अर्ध्या ते पाऊण अँपिअरवर जातो; आमचा जाडजूड तर एक अँपिअरच्याही वर. बीईसी तापला, दमला आणि व्होल्ट बसले.

स्पीड कंट्रोलरबरोबर आलेला कागद मग शोधून वाचला. त्यात लिहिले होते: दोन सेलच्या बॅटरीवर पाच सर्वो, तीन सेलवर चार. आमच्या विमानात चार होतेच. पाकळ्यांचा पाचवा. कागद कपाटात होता.

उपाय फारसा महाग नाही. वेगळा, न तापणाऱ्या स्विचिंग जातीचा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा बीईसी बसवला. तो लावताना स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या तिहेरी तारेतली मधली लाल तार काढून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळावी लागते, नाहीतर दोन वीजपुरवठे एकमेकांशी भांडतात. मग दार मुद्दाम अर्धा मिनिट अडवून धरले. ५.० चे ४.९ झाले, त्याखाली नाही.

आता तो दुसरा अर्थ. दुवा तुटल्यावर मोटार फिरत राहिली, म्हणजे फेलसेफ लावलेलेच नव्हते. फेलसेफ म्हणजे ट्रान्समीटर ऐकू येईनासा झाला तर काय करायचे याची रिसीव्हरला आधी देऊन ठेवलेली आज्ञा. पहिली आज्ञा नेहमी हीच असावी: मोटार बंद. त्या दिवशी वीजच गेल्याने मोटार थांबली, हा योगायोग. नुसता दुवा तुटला असता तर फिरत्या पंख्यासह विमान कोठेही गेले असते, सतरंजीकडेसुद्धा. उड्डाणाच्या परवानगीच्या कागदावर माझी सही आहे. त्यावर बॅटरी, पंख्याचा नट, वारा असे रकाने होते, फेलसेफचा नव्हता. पाकळ्यांचा डबा बसवल्याचे मुलांनी मला दाखवले होते आणि मी "छान!" एवढेच म्हटले होते. मुलाची चूक शोधणाऱ्यांना मी हे बैठकीत सांगितले आणि येथेही सांगते. बालवाडीला तेथे बसवण्याचा निर्णयही माझाच होता.

घरी रिमोटची विमाने किंवा ड्रोन असणाऱ्या मुलांसाठी चार शब्द. दुवा लागतच नसेल तर प्रथम ट्रान्समीटरची बॅटरी पाहा, मग त्याच्या स्मृतीत दुसरेच विमान निवडलेले आहे का ते पाहा. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात असा सरांचा अनुभव. दोन कंपन्यांचे संच २.४ गिगाहर्ट्झवर असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, कधी एकाच कंपनीचे जुने-नवेही नाहीत. भाषा वेगळी असते. बाइंड करताना ट्रान्समीटर रिसीव्हरला टेकवू नका, कानात ओरडल्यावर शब्द कळत नाही तसे होते. उडवताना अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने लहर सर्वांत दुबळी असते, आडव्या बाजूने जोरदार. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना उलट. आणि टेबलावर काहीही तपासताना पुढचा पंखा काढलेला असावा. यात सवलत नाही.

विश्वस्त मंडळाने उपक्रम चालू ठेवण्यास मान्यता दिली आहे, अटींसह. शाळेच्या मैदानावर उड्डाण नाही. परीक्षा आटोपल्यावर शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत, विमानतळापासून १२ किलोमीटरहून दूर, आणि ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे तो भाग हिरव्या क्षेत्रात आहे हे नकाशावर पाहून. प्रेक्षक उडवणाऱ्याच्या पाठीमागे, समोर कोणी नाही. परवानगीच्या कागदावर तीन नवे रकाने आले: ट्रान्समीटर बंद करून मोटार थांबते का, सगळे सर्वो एकदम हलवून व्होल्ट किती, मागच्या उड्डाणानंतर नवे काय बसवले. तिसऱ्या रकान्यात काही लिहिले असेल तर पहिल्या दोन्ही चाचण्या पुन्हा, ओल्या पाकळ्यांसकट.

पहिले उड्डाण तोच नववीतला मुलगा करील. पालकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी १५ तारखेपर्यंत कार्यालयात नाव द्यावे. गाडीची सोय शाळा करील, टोपी आणि पाणी आपापले.